अनहार मॅडमना शंभरपैकी शहाण्णव

५ सप्टेंबर, मन्सूरा, इजिप्त
आजपासून रोजनिशी. पुढेमागे ई-लर्निंग विभागाचा प्रमुख झालो तर सुरुवातीच्या काळाची नोंद असावी. कोरोनामुळे सगळं शिकवणं ऑनलाइन जाणार. आम्हा प्राध्यापकांना ते कुणीतरी शिकवायला हवं. उद्या डीन बहीजा मॅडम ट्रेनरचं नाव जाहीर करणार. भूगोल विभागातून एकच नाव निघू शकतं. राखाडी सूट इस्त्रीला दिला.

६ सप्टेंबर
सब्री हलवानी.
सूट कपाटात.

८ सप्टेंबर
सब्रीबद्दल लिहिणार नव्हतो. पण मी आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागलो. एकाच खोलीत बसतो. खिडकीकडचं टेबल त्याचं, दाराकडचं माझं. पीएचडी आधी त्याची झाली, कारण माझा विषय अवघड होता. केस त्याचे अजून आहेत. मला त्याचा हेवा वगैरे वाटत नाही. लोकांना अजून तो कळत कसा नाही, एवढंच वाटतं.
माझी बायको नेअमत हिनं विचारलं, "सब्रीभाईंचं अभिनंदन केलंत का?" म्हटलं, मनात केलं.
संकल्प: ट्रेनिंगला जायचं, शांत बसायचं, त्याच्या चुका टिपायच्या.

१२ सप्टेंबर, दुपार
सकाळी पहिला तास झाला. सब्रीच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसत होतं. निम्मी पुस्तकं त्यानं वाचलेली नाहीत. माझा कॅमेरा नीट लागेना. सब्री सगळ्यांसमोर म्हणाला, "रिफअत, कपाळ छान दिसतंय तुझं. आता जरा खाली ये, तोंडही बघू दे." सगळे हसले. मी माइक बंद ठेवून निषेध केला. तसंही तो मला सुरू करता येत नव्हता.
होमवर्क दिलंय. करणार नाही. या वयात सब्रीला वही दाखवायची?
डीनचा नियम: ट्रेनिंगमध्ये नापास झाला त्याला या सत्रात तास नाहीत. म्हणजे माझा पहिल्या वर्षाचा वर्ग सब्रीकडे. आयुष्यभर मी तो वर्ग सांभाळला. एवढी हिंमत कुणाची होणार नाही.

१३ सप्टेंबर
कल्पना सुचली. संध्याकाळची बॅच बाहेरगावच्या शाखांसाठी आहे. नाव आणि ईमेल दिलं की प्रवेश. सकाळच्या चुका सब्री संध्याकाळी पुन्हा करतो का, हे कुणीतरी बघायला हवं. समुद्राकाठच्या शाखेतल्या लेक्चरर, अनहार दसूकी, असं नाव घातलं. बाईमाणूस म्हटलं की कॅमेरा बंद का, असं कुणी विचारत नाही.
ही फसवणूक नाही. तपासणी आहे.

१५ सप्टेंबर
सकाळी मी विचारलं, ज्या मुलांकडे इंटरनेट नाही त्यांचं काय? सब्री म्हणाला, "रिफअत, ते नंतर." संध्याकाळी अनहारनं तेच विचारलं. तर म्हणतो, "फार चांगला प्रश्न, मॅडम. तुम्हाला काय वाटतं?"
आता अनहारला उत्तर द्यावं लागलं, म्हणून मला वाचावं लागलं. तास छोट्या ऑडिओ फाइलमध्ये पाठवावा, नोट्स गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवाव्यात, असं लिहिलं. सब्रीनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मेहनत माझी आणि कौतुक त्या बाईचं.

१९ सप्टेंबर
क्विझ. अनहारला पूर्ण मार्क. माझी मी उघडली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२३ सप्टेंबर
प्रत्येकानं आपल्या विषयावर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. माझ्या नावावर दीड तासाचं जुनं लेक्चर फोनपुढे पुन्हा दिलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता. तो घसरल्यामुळे बराचसा भाग छताचा आलाय. मुद्दे ऐकू येतात.
अनहारचा प्रश्न आवाजाचा. नेअमतला म्हटलं, एक प्रयोग आहे, एवढं वाच. नाईलच्या डेल्टाचा किनारा समुद्र कसा खातो, यावर मी लिहिलं होतं. ती मध्येच थांबून म्हणाली, "किती सोपं लिहिलंत. वर्गात असं का नाही सांगत?"
म्हटलं, वर्गात मुलं असतात.
सब्रीनं नेअमतचा आवाज फक्त चहा देताना ऐकलाय. ओळखणं शक्य नाही.

२५ सप्टेंबर
नमाजानंतर सब्री मशिदीबाहेर भेटला. कोपराला कोपर लावलं आणि म्हणाला, "रिफअत, होमवर्क दे रे बाबा. मला तुला नापास करायचं नाहीये." किती गोड बोलतो. नापास करायचं ठरलेलं दिसतंय.

२७ सप्टेंबर
फॅकल्टी मीटिंग. डीननी पडद्यावर अनहारचा व्हिडिओ लावला. संपल्यावर टाळ्या. माझ्या लेक्चरला आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. मुलं फक्त उठतात. डीन म्हणाल्या, "डॉक्टर रिफअत, बघा जरा. तुमचाच विषय आहे, पण झोप येत नाही." मी म्हटलं, बाईंचा अभ्यास थोडा वरवरचा वाटतो.
सब्री तावातावानं म्हणाला, "अजिबात नाही. यांना विषय आतून कळलाय."
माझ्याबद्दल तो असं एकदाही बोललेला नाही.
घरी आल्यावर नेअमतला म्हटलं, ही अनहार फार भराभर वर चाललीय, हिच्यामागे कुणाचा तरी हात असणार. ती म्हणाली, "हाताचं माहीत नाही. आवाज माझा आहे."

३० सप्टेंबर
ठरवलं: शेवटच्या असाइनमेंटमध्ये अनहारला पाडायचं. मुद्दाम वाईट लिहायला बसलो. पण गाळाचा नकाशा मुलांकडूनच कसा करून घ्यायचा, हे सुचत गेलं. नेअमतनं जेवायला तीनदा हाक मारली. मुलूखियाची पातळ भाजी गार झाली. वाईट लिहायचं राहूनच गेलं. माझ्या दोन ओळी अजून भरायच्या आहेत. उद्या.

४ ऑक्टोबर
निकाल.
अनहार दसूकी: शहाण्णव. पहिली.
रिफअत गिंदी: एकतीस.
माझा वर्ग सब्रीकडे. नापासांची पुन्हा बॅच. प्रत्येकाला वरच्या नंबरातला एक मदतनीस. माझ्या नावापुढे: अनहार दसूकी.
अनहारच्या ईमेलवरून लगेच कळवलं की घरच्या अडचणींमुळे जमणार नाही. सब्रीचं उत्तर: "मॅडम, नाही म्हणू नका. माणूस चिडका आहे, पण त्याला तुमच्याइतकं कुणी समजून घेणार नाही."
हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

५ ऑक्टोबर
नेअमतसमोर फोन ठेवला आणि विचारलं, सब्रीला कळलं असेल का? तिचा चहा ढवळून झाला, मग ती म्हणाली, "अनहारचा व्हिडिओ मिळाल्याबरोबर त्यांचा फोन आला होता. वहिनी, हा तुमचा आवाज ना, म्हणून. मीच म्हटलं, काही बोलू नका. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून तरी शिकतायत."
मग विचारलं, शहाण्णव दयेनं दिले का?
"तेही विचारलं मी. अठ्ठ्याण्णव होत होते म्हणाले. दोन चिडक्या भाषेचे कापले."
बरं वाटलं. लगेच राग आला. सगळं माहीत असून मला एकतीस? नेअमत म्हणाली, "तुमच्या नावानं जे दिलंत त्याचेच मार्क दिले. छताला आणखी किती देणार?"
नापासांची बॅच उद्यापासून. सकाळी. कॅमेरा सुरू ठेवायचा आहे.
सब्रीला निरोप पाठवला: उद्या येतोय.
उत्तर लगेच आलं. "वाट बघतो. दोघांपैकी कोण?"