वाफशावरचं मलम

बाबा,

माझ्या कोपरांवर अजून कधीकधी इसब उगवतो. तुम्ही असतात तर लगेच हात उलटून पाहिला असतात, वांग्याचं पान पाहावं तसा. लहानपणी तुमचं निदान ठरलेलं होतं: करपा, वांग्याच्या पानांवर पडतो तोच रोग. मावशीचं लग्न जवळ आलं होतं आणि मला अर्ध्या बाह्यांचा पिवळा फ्रॉक हवा होता. आई म्हणायची, आधी कोपरं बरी होऊ दे, लोक विचारून विचारून जीव खातील. मग तुम्ही शेलूबाजारच्या मेडिकलमधून दर बाजाराला वेगळी ट्यूब आणायला लागलात.

"एकच औषध मारलं त रोगाले सवय पडते."

"पोरगी हाय ते, वांग्याचं झाड नाही!" आई ओरडते.

"वांग्याले गुण येते, मंग हिले काहून नाही येनार?"

एक ट्यूब निघाली नायट्याची. अशी आग झाली की मी धावत जाऊन मिरचीच्या पाटाच्या पाण्यात बसले. तुम्ही बांधावरून हळहळलात, "धुवून गेलं ना सारं! आता पुन्ना मारा लागते."

शेवटी आईनं मला वाशिमला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुम्ही फुगून मागोमाग आलात. बाई म्हणाल्या, हा नायटा नाही, कुणाला लागत नाही. लाल चट्ट्यांवर हे मलम पातळसं, सांगितलं तेवढेच दिवस. आणि हे साधं क्रीम मात्र रोज, बरं वाटलं तरी; आंघोळ झाल्याबरोबर अंग टिपायचं आणि पुरतं सुकायच्या आत लावायचं. तोवर छताकडे पाहत बसलेले तुम्ही एकदम खुर्चीत पुढे सरकलात.

"म्हंजे वाफशावर!"

बाई शहरातल्या, त्यांना कळेना. तुम्ही समजावून सांगताय: चिखल नाही, ढेकूळ नाही, जमिनीतला मधला ओलावा, पेरा तेव्हाच साधते. बाहेरचे पेशंट दार वाजवतायत.

त्या दिवसापासून रोज न्हाणीच्या दाराशी तुम्ही उभे. "वाफसा आला का व?" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. मी आतून रडकुंडीला येऊन "आला!" म्हणायचे.

लग्नात मी फ्रॉक घातला. तुम्ही मांडवात ज्याला त्याला माझा हात उलटून दाखवत होतात, "पाहा, हाय का एक तरी डाग?" मी हात सोडवून पळत होते.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, म्हणून सांगते. क्रीमचा डबा आता बाथरूममध्येच असतो. पण अंग टिपल्यावर मी लगेच तो उघडत नाही. दाराकडे कान देऊन जराशी थांबते. बाहेरून कुणी विचारत नाही. मग आपणच हळूच म्हणते, "आला."