सातव्या रांगेतली सोबत

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! चीजच्या गोदामात, आणि वरच्या मजल्यावर राहायला खोलीसुद्धा. तेरा रांगा, छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर चीजची चाळीस-चाळीस किलोची गोल चाकं. ती पुसायची, उलटवायची, फोर्कलिफ्टने हलवायची, एवढंच काम. मालकीण सिन्योरा दोरिना यांनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. फळ्या पेलणाऱ्या लोखंडी खांबाला गाडीचा जरा जरी धक्का लागला तरी लगेच सांगायचं, ती रांग रिकामी करायची. हातोडीने ठोकून चीज पारखणारा म्हातारा एर्मेस दर मंगळवारी येतो. मला म्हणाला, तुम्ही दक्षिणेकडचे लोक तोंडानेच जास्त ओझं उचलता, बघू हातांनी काय उचलतोस ते, सावेरिओ. मला म्हातारा आवडला. एरवी दिवसभर मी एकटाच.

६ नोव्हेंबर
गाडी मागे घेताना सातव्या रांगेच्या खांबाला लागली. बोटभर पोचा आला. सांगायला निघालो आणि अर्ध्या जिन्यावरून परतलो. चौथ्याच दिवशी कुठल्या तोंडाने सांगू? खांब तसा भक्कम दिसतो. बाहेर धुकं आहे, खोलीत भिंती आहेत. बोलायला माणूस नाही.

९ नोव्हेंबर
सातव्या रांगेतून ठोके येत होते. हलके, हातोडीचे. एर्मेस एक दिवस आधीच आला असं वाटून हाक मारली. वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे कुणी नव्हतं.

१० नोव्हेंबर
कॉफी पिताना एर्मेसजवळ विषय काढला. त्याचा चेहराच उतरला. माझ्याआधी इथे लेआर्को होता म्हणे. त्याचीही गाडी खांबाला लागली होती. लाजेपोटी गप्प बसला, आणि चौथ्या आठवड्यात सातवी रांग त्याच्या अंगावर आली. चाकं उपसायला दोन दिवस लागले. पहिला अख्खा दिवस तो आतून ठोकत होता, पण आवाज नेमका कुठून येतो ते कळेना. माझ्या या कानांना सगळा गाव मानतो रे, आणि त्या दिवशी ते फुकट गेले, एवढं बोलून एर्मेस उठला. मी पोच्याचं काही बोललो नाही.

१३ नोव्हेंबर
आज मीही ठोकलं. उत्तर आलं! एक म्हणजे नाही, दोन म्हणजे हो, असं मी मोठ्याने सांगितलं. त्याला समजलं. थंडी वाजते का? दोन. भूक लागते का? एक. दहा दिवसांत माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. घाबरायला हवं होतं, पण मी पाव तिथेच बसून खाल्ला.

१६ नोव्हेंबर
खांब आणखी वाकलाय. वरच्या फळ्या कुरकुरतात. सांगितलं तर रांग रिकामी करतील — मग तो कुठे — आणि मी —

१८ नोव्हेंबर
सिन्योरांच्या दारापर्यंत गेलो. हात वर केला, तोच खालून ठोके — घाईचे, रडवेले — परत आलो.

१९ नोव्हेंबर
आज सांगणारच. फक्त निरोप घ्यायला वही घेऊन सातव्या रांगेत बसलोय. विचारलं, मी गेलो तर चालेल का. एक.
एकटा आहेस का. दोन.
आत दोघांपुरती जागा —
दोन. हे ठोके डोक्यावरून आले. उठायला हवं. उठतो, त्याला फक्त एवढं —