डब्यातली चिठ्ठी

॥ वैजनाथ प्रसन्न ॥
बीड, २९ जुलै १९९८

शिवांजलीच्या बाबांना नीलाचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. खोलीत पाणी रोज येतं. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?

पोरीला कंप्युटर झेपत नाही असं क्लासच्या सरांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, अन् तुम्ही लगेच "सोमवारी तिला गावी घेऊन ये" लिहिलंत? लई संताप झाला माझा.

तिला प्रोग्राम लिहिण्यातला पॉइंटर अडला होता. सर म्हणाले, पाठ करा. पॉइंटर म्हणजे काय, मी विचारलं तर पोरगी म्हणाली, "आई, ते सामान न्हाई, सामान कुठं ठेवलंय त्याचा पत्ता हाय." मग मी डब्यांवर खडूनं नंबर घातले. सातव्यात तांदूळ, दुसऱ्यात नुसती चिठ्ठी, 'सात' लिहिलेली. म्हटलं, "चिठ्ठीवर तीन लिहिलं तर तांदूळ हलतील का गं?"

"न्हाई की! मी हेच तर चुकत होते!"

वर्गात तिनं फळ्यावर डबे काढले. सरांनी पुसले. "हा सैपाकाचा क्लास हाय का?" तोवर पोरांनी वहीत उतरवून घेतले होते!

शनिवारी परीक्षा आहे, ती देणार. सोमवारी आम्ही येणार नाही. रागवायचं तर मला रागवा, पोरीला एक शब्द लिहू नका.

महादेव तुम्हाला सुबुद्धी देवो.

तुमचीच,
नीला