काचेवरचा घास

माय, तुला वाचता येत नव्हतं, तरी मी हे लिहितो आहे आणि प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासतो आहे. आठवीत शाळा सुटली, ही सवय सुटली नाही. इंडक्शनची शेगडी अजून तीच आहे. स्वयंपाक झाला की काच निवू देतो, मग ओल्या फडक्याने पुसतो, मग कोरड्या. भांडं उचलून ठेवतो, सरकवत नाही. त्याचं बूडही आधी पुसतो, कारण वाळूचा एक कण असला तरी ओरखडा उठतो. एवढं जपूनही त्या काचेवर बोटभर लांबीचा एक चरा आहे. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

तू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सालेकशाहून मुर्रीतल्या माझ्या खोलीवर आलीस, तेव्हा पिशवीत तुझा जर्मनचा गंज होता, भाताचं ॲल्युमिनियमचं पातेलं. तो ठेवला तर शेगडी नुसती टीं-टीं करत राहिली. "माहा गंज नाही चालत याले? बहुत मोठ्या घरची दिसते," तू म्हणालीस. मग स्टीलच्या पातेल्यात भात शिजू लागला, तशी तू वाकून पाहू लागलीस. "आग नाही, धूर नाही, अन् भात शिजून राहिला. भूत हाये का बापू याच्यात?" मी हसलो नाही. माझं लक्ष काचेकडे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राईस मिलमधून जेवायला येतो, तर खोलीत करपल्याचा वास. गावी भात झाला की पहिला घास तू चुलीतल्या विस्तवाला द्यायचीस. इथेही दिलास, तापलेल्या काचेवर. मग मी शिकवलेलं बटण दाबून त्यावरच वरणाचं पातेलं ठेवलंस.

"काऊन टाकलीस इथं?" मी ओरडलो.

"याले तोंडच नाही, बापू. घास कोठं देऊ मंग?"

काच निवायचीही वाट न पाहता मी ती जळकी शितं काढली. मग तुझा हात धरून तुझं बोट त्या चऱ्यावरून फिरवलं, कारण तुला तो दिसत नव्हता. "पाह्य, काय केलीस ते." तू एवढंच म्हणालीस, "चुकलं बापू माहं." पुन्हा शेगडीला हात लावला नाहीस. मी येईपर्यंत उपाशी बसायचीस. आठव्या दिवशी पिशवी भरलीस. "माह्या हातानं नुकसान होते इथं." ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. तू कायमची गेलीस तेव्हा तुला माझा चेहराही नीट दिसत नव्हता.

आता पहिला घास मी देतो. काच निवल्यावर, कडेला. हा कागद घडी करून शेगडीच्या खोक्यात, तिच्या माहितीपुस्तकाखाली ठेवणार आहे.

माय, भाताच्या शितांनी काचेला चरा पडत नाही. ती शितं मी सुरीने खरवडली होती. तुझं बोट फिरवत होतो, तेव्हाही मला हे माहीत होतं.