फटीतली शीळ

प्रिय सोने,

अक्षर राणीचं आहे, आपल्या अंगणवाडीतल्या. बोलणं मात्र माझं. मी सांगते आणि ती लिहिते, पण माझ्या बोलण्याला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून मगच कागदावर बसवते. एखादा शब्द लय शहाणा वाटला तर तो तिचा समज. फोन का केला नाही म्हणशील, तर तुमच्या साताऱ्याच्या घरी फोन वाजला की तुझा बाप तो मोठ्या आवाजावर टाकतो. सैन्यात वीस वर्षं काढली, त्यामुळे घरची बातमी सगळ्या पलटणीनं एकदम ऐकावी असं त्याला वाटतं. मग तू आपली "हां आजी, बरी हाय आजी" म्हणून मोकळी. मला जे सांगायचं आहे ते पलटणीपुढं सांगण्यासारखं नाही.

सोमवारी तुझ्या बापाचा, भाऊसोचा फोन आला होता. म्हणाला, "आई, पोरगी दातांच्या तारा काढून टाका म्हणून हटून बसलीया, तूच काय ते सांग." दोन वर्षं झाली त्या तारांना. बाकीचे दात भरतीला आलेल्या पोरांसारखे सरळ रांगेत उभे राहिले, पण पुढच्या दोघांमधली फट काही मिटत नाही. आवळली की मिटते, सैल सोडली की पुन्हा हजर. डॉक्टर म्हणाले, ही पोरगी तारांना अडकवायची रबरं लावत नसणार. तुझी आई म्हणाली, हिचंच लक्ष नाही. तू शपथ घेतलीस तरी कुणी ऐकलं नाही, म्हणून तू तीन दिवस कुणाशी बोलली नाहीस. आता वीस तारखेला शेवटचं बघणार, नाहीतर तारा काढून मधल्या जागेत काहीतरी लिंपून देणार. आणि तू म्हणतेस, मी जाणारच नाही, राहू दे मला अशीच.

तू रबरं लावतेस यावर माझा विश्वास आहे. पहिल्यांदा नव्हता, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, पोरगी कॉलेजात मैत्रिणींपुढं लाजत असेल आणि खिशात टाकत असेल. पण मग डोक्यात दुसरंच शिरलं. एवढंसं रबर हाडात रुतलेला दात हलवतं तरी कसं? मेंढरामागं सारा जन्म गेला, मेंढराचे दात बघून वय सांगत आले, पण दात चालतो हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पाण्याच्या टाकीशेजारच्या चिखलात तुरीच्या दोन काटक्या रोवल्या आणि दुधाच्या पिशवीचं रबर त्यांना घातलं. दुसऱ्या सकाळी बघते तर दोघी एकमेकींच्या गळ्यात! रबर काढलं तर दुपारपर्यंत जराशा फाकल्या. चिखल अजून वाळला नव्हता ना. म्हणजे जवळ आणून भागत नाही, वाळेपर्यंत धरून ठेवावं लागतं. हे डॉक्टरांनाही ठाऊक असेल म्हणा, पण मला माझ्या काटक्यांनी सांगितलं.

मग आणखी एक खोडी सुचली. रबर घातलं आणि दोघींच्या मधोमध करंगळी धरून बसले. शेजारची तानुबाई पाणी न्यायला आली होती. ती म्हणाली, "भामाबाई, चिखलात बोट घालून काय जप करतीस व्हय?" मी म्हटलं, तुला न्हाई कळायचं. पण मला कळलं. रबर ओढतच होतं, काटक्या यायला तयारच होत्या, करंगळी तेवढी वाटेत होती. जोर लावला नव्हता मी, नुसती ठेवली होती. तेव्हाच मी करंगळी झटकन काढून घेतली, सोने. का, ते मग सांगते.

आधी माझी बातमी ऐक. माझ्या तोंडातली मंडळी आता निरोप घेणार आहेत. खालचे गेल्या वर्षीच गेले. वरचे सहा उरलेत आणि सहाही हलतात. भाकरी दुधात कुस्करून खाते आणि शेंगदाण्याकडे नुसतं बघते. कवठ्यात एक दातांची डॉक्टरीण आहे, पोरगीच म्हणायची, ती मंगळवारी सहाही काढणार आणि जखम भरली की कवळी बसवणार. तिच्या खुर्चीवर तोंड वासून पडले होते, आणि तिनं हात काढला की लगेच तुझं विचारत होते. ती म्हणाली, "आजी, उपचार तुमचा चाललाय का नातीचा?" मी काटक्यांचं सांगितलं. आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "रबर लावूनही फट उघडत असेल तर जीभ बघा. जीभ मऊ असते, पण दिवसभर दाताला टेकून बसली तर दात तिचंच ऐकतो. अशा पोरांना स्वतःला पत्ताही नसतो." मी विचारलं, मग करायचं काय? तर म्हणाली, जिभेला तिची जागा शिकवायची. वरच्या दातांच्या मागं, टाळूला जरा उंचवटा असतो, टोक तिथं ठेवायचं. गिळतानाही तिथंच. सवय मोडायला महिने लागतात, पण मोडते.

घरी येऊन शेळ्या सोडल्या आणि ओच्यात बारके खडे भरून बांधाला बसले. ठरवलं, आपली जीभ आपल्या फटीत गेली की एक खडा खाली टाकायचा. माझी फट तुला ठाऊकच आहे, तुझी तिच्यावरच तर गेलीय. सांजेला खडे मोजून घ्यायला तानुबाईला बोलावलं. एकेचाळीस भरले. अर्ध्या दिवसात एकेचाळीस वेळा! तेव्हा मलाही उमगलं की मी एवढ्या वेळा काय करत होते.

आता आपल्या शीळ घालण्याचं. तू तिसऱ्या वर्षापासून आठव्यापर्यंत माझ्याजवळ होतीस, तुझा बाप तिकडं बर्फात आणि आई त्याच्यासोबत. तुझे दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के आले, तेही मधे जागा सोडून, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तानुबाईला गूळ वाटला. आपल्यात फट असलेल्या पोरीला रानात मान असतो. बोटं न लावता, हातातली काठी न सोडता शीळ घालता येते. जिभेचं टोक फटीत दाबायचं आणि वारा सोडायचा. तू आठ दिवसांत शिकलीस. मी ओढ्याच्या या काठाला, तू त्या काठाला. एक शीळ म्हणजे मेंढरं वळव, दोन म्हणजे भाकरी खायला ये. तू दोनचीच जास्त वाट बघायचीस.

मग बाप रिटायर होऊन साताऱ्याला नोकरीला लागला आणि तुला न्यायला आला. एस्टीच्या दांड्याला धरून तू असं रडलीस की कंडक्टरनं घंटी मारली नाही. तुला गप्प करायला मी काय म्हणाले, आठवतं? म्हणाले, तिथं शीळ घालू नको, शहरात पोरींना नावं ठेवतात. आठवण आली की नुसती जीभ फटीत ठेव. आवाज न करता. मला इथं ऐकू येईल, आणि मीही तसंच करीन. तू लगेच रडायची थांबलीस आणि जीभ फटीत ठेवून खिडकीत बसलीस.

दिवाळीला आली होतीस तेव्हा दुपारी तुझा डोळा लागला होता. तोंड जरा उघडं, तारा चमकत होत्या आणि मधून जिभेचं टोक डोकावत होतं. मी बघितलं आणि हसले. काय बघितलं ते चिखलात करंगळी घालेपर्यंत कळलं नाही. आठ वर्षं झाली सोने, तू ती जीभ काढलीच नाहीस.

म्हणून हे पत्र. चूक रबराची नाही आणि तुझी तर नाहीच. करंगळी माझी होती. वीस तारखेला जा, आणि डॉक्टरांना हे सगळं सांग. ते हसले तर हसू दे. हवं तर हे पत्र त्यांना दाखव, आणि भाऊसोनं खुशाल मोठ्यानं वाचावं, आता पलटणीला कळलं तरी चालेल. कवठ्याच्या डॉक्टरणीनं मला विचारलं होतं, "आजी, नव्या कवळीत दात चिकटून बसवू ना?" मी म्हटलं, नको बाई, पुढच्या दोघांत जागा ठेव, पहिली होती तेवढीच. ती म्हणाली, असं कुणी मागत नाही. मी म्हटलं, मी मागतीय. तर फट आता माझ्याकडं राहील. शीळही मीच घालीन, दोन वेळा, भाकरीची. तू जीभ मागं घे बाळा, टाळूला टेकव आणि तोंड मिट. तुला आठवण येते, हे मला कळलंय.

तुझीच,
आजी भामाबाई
(सही येत नाही, अंगठा उठवलाय. शाई जास्त झाली, ती राणीची चूक.)