एकाच पाठीचा जोड

मी, जोडे कापणारा कारागीर, वय झालेला पण डोकं शाबूत असलेला, कोणाच्याही दबावाशिवाय ही शेवटची व्यवस्था सांगतो. वकीलबाई लिहून घेताहेत. "आजोबा, बसा की," म्हणतात. बसवत नाही.

कलम १. राहतं घर दोन्ही मुलांना समान. बँकेतली शिल्लक दोन्ही सुनांना. मुलांनी त्यात नाक खुपसू नये.

कलम २. रस्त्याकडची कार्यशाळा. सरकारने आयातीवरचा कर उतरवला, परदेशी जोडे आले आणि थोरल्याचा कारखाना बसला. धाकटा बंदरात माल सोडवतो, त्याचं उखळ पांढरं झालं. तेव्हापासून दोघांत अबोला आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

व्यापार बंद करा, असं मी म्हणत नाही. परदेशी जोडे मऊ असतात, मीही घेतलेत, जाऊ दे. पण मंत्रीसाहेब सभेत म्हणाले, "देशाचा फायदा झाला." मी ओरडून विचारलं, "साहेब, देशाचा म्हणजे नेमका कोणाचा?" टाळ्यांत ऐकू गेलं नसावं.

कातड्याची पाठ घट्ट असते, पोट सैल. डावा पाठीचा आणि उजवा पोटाचा कापला, की जोड लवकरच वाकडा होतो. नवशिक्याचे यासाठी कान पिळतात. सरकारने तेच केलं. बंदराला पाठ दिली, आमच्या गल्लीला पोट, तेही रिकामं! अहो, बंदराच्या कमाईतला हिस्सा आधीच बाजूला काढायचा, कारखान्यांना कुलूप लागण्यापूर्वी माणसांना नवं काम शिकवायचं, तोवर घर चालेल एवढा पगार द्यायचा. शिकवणीचा वर्ग आला, तो वरातीमागून घोडं.

म्हणून कार्यशाळा धाकट्याला. गोदामासाठी त्याला हवीच आहे. पण थोरला नव्या कामात रुळेपर्यंत धाकट्याने तिचं भाडं थोरल्याला द्यायचं. धाकट्या, तोंड वाकडं करू नकोस, ही भीक नव्हे, हिस्सा आहे. आणि थोरल्या, "मला त्याचा पैसा नको" हे ऐकून माझे कान किटले. मुकाट्याने घ्यायचा.

कलम ३. कातडं कापायची माझी रापी नातीला. सध्या कागदच कापते, पण हात माझा आहे.

कलम ४. मंत्रीसाहेबांना एक जोड: डावा पाठीचा, उजवा पोटाचा. घालून आमच्या गल्लीत हिंडावं.

कलम ५. माझ्यासाठी कापलेला जोड एकाच पाठीचा आहे. डावा थोरल्याकडे, उजवा धाकट्याकडे आजच दिला. मला नेण्यापूर्वी दोघांनी शेजारी बसून तो माझ्या पायांत घालावा. वकीलबाई म्हणाल्या, "याला कायद्यात जागा नाही." म्हटलं, लिहा तरी. एकजण आला नाही, तर मला उचलू नये. जन्मभर थांबणं जमलं नाही, तेवढं थांबेन.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही)
समोरच्या डॉक्टरीणबाई (सही, मी शुद्धीत असल्याचा दाखला सोबत)
ठिकाण: कार्यशाळा, उभ्याने
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच
सही: दोघांचा बाप