गाठीपाशीच उघडणारं औषध

माय, आज ताईला कॅन्सरच्या त्या लाल औषधाची सलाईन लागली. तुला लागायची तीच. तिच्या सासरहून, दवनीवाड्याहून, तिला सकाळीच गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. सिस्टर तिच्या हाताची शीर शोधत होती आणि मला तुझाच हात दिसत होता.

अर्जुनीहून आपण गाडीने नागपूरला जायचो. परतताना तू पदर तोंडाशी धरून खिडकीला डोकं टेकायचीस. घरी फोडणीचा वास तुला सोसायचा नाही, म्हणून ताई मागच्या अंगणात चूल मांडून भात रांधायची. एका दुपारी तू तिथंच बसली आहेस, कंगव्यात आलेले केस बोटाला गुंडाळत मला विचारतेस, "गाठ इतकीशी, अन् औषध साऱ्या आंगाले काऊन जाळते?" मी तेव्हा बारावीत होते. पुढे शिकले ती त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच.

मी काय काम करते, ते तुला कधी सांगताच आलं नाही; तू त्याआधीच गेलीस. लिपिड म्हणजे एक प्रकारची चरबीच. तिचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे करायचे, आत औषध भरायचं. थंडीत वाटीतलं तूप थिजतं, चुलीजवळ ठेवलं की सुटतं. तसं या बुडबुड्याचं कातडं अंगाच्या उबेत घट्ट राहावं, आणि गाठीवर थोडा शेक दिला की तिथंच सैल पडून औषध सोडावं. पण शरीर परकी वस्तू राहू देत नाही, म्हणून त्याला बुडबुडा ओळखू येऊ नये यासाठी कातड्याला पॉलिमरच्या, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या, शेपट्या लावायच्या. कमी लावल्या की शरीर बुडबुडे गिळून टाकतं. जास्त झाल्या की कातडंच तुटतं, त्याच्या चपट्या चकत्या होतात. आणि बेताच्या लावल्या, तर पाण्यात छान टिकलेले बुडबुडे रक्तात घातले की शेकाआधीच गळतात. वर्षानुवर्षं मी शेपट्या कमीजास्त करत राहिले. शेवटी प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणाले, "आता थांबू या. यातून काही निघत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईलाही गाठ असल्याचं कळलं.

आज सलाईन अर्धी झाल्यावर तिने विचारलं, "काऊन वो, तुयं ते औषध कवा येते?"

"नाही येत, ताई. काम बंद झालं."

तिने मोकळ्या हाताने पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तू जेवली का नाही?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, गाठ यकृतात पोचली आहे. ताईला हे अजून माहीत नाही. तिच्या नवऱ्याला तेवढं सांगितलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून पर्समध्ये ठेवीन. मला आता कसलीच आशा उरलेली नाही, माय. हे ताईला सांगता येत नाही. तुला सांगितलं तर जरा हलकं वाटेल म्हणून लिहायला बसले होते. तसं काही झालं नाही.